सहा वाजेपर्यंतची सूचना

हरकतींच्या यादीत तीनशे एकेचाळीस नावं होती आणि शुक्रवारच्या आत रेवती कणसेला त्या सगळ्यांवर ‘अमान्य’ असा शेरा मारायचा होता. काम अवघड नव्हतं. संदेशक भरतीच्या परीक्षेला दोन लाख चौदा हजार उमेदवार बसले होते. उत्तरसूची जाहीर झाली की त्यांतले काही जण हरकत घेणारच. पूर्वी अशा हरकतींनी साताऱ्याच्या भाषा-मापन केंद्राची झोप उडायची. आता उत्तरं माणसं ठरवत नव्हती. त्यामुळे रेवती हरकत वाचायची, त्या प्रश्नाचा मापन-अहवाल जोडायची, सही करायची आणि पुढची उघडायची.

दोनशे सव्विसाव्या हरकतीशी ती थांबली.

बाकीच्या हरकती क्लासवाल्यांनी लिहून दिलेल्या असत, आठ-आठ पानांच्या, व्याकरणाच्या पुस्तकांचे दाखले देणाऱ्या. ही जेमतेम चार ओळींची होती.

‘प्रश्न क्रमांक ३७. सूचीत उत्तर अ दिले आहे. मी ब निवडले. सहा वाजेपर्यंत काय करायचे? सूचना द्यायची, की गाव रिकामे करायचे? अ वाचून मला ते कळत नाही. कृपया सांगावे. समिधा बाळू ढेबे, मुक्काम मोरदरे.’

रेवतीने प्रश्न काढला.

‘पुढीलपैकी सर्वांत स्पष्ट वाक्य निवडा.
अ) सहा वाजेपर्यंत गाव रिकामे करण्याची सूचना ग्रामस्थांना द्यावी.
ब) ग्रामस्थांना अशी सूचना द्यावी, की त्यांनी सहा वाजेपर्यंत गाव रिकामे करावे.
क) ग्रामस्थांकडून गाव रिकामे केले जाण्याबाबत सहा वाजेपर्यंतची सूचना देण्यात यावी.
ड) सहा वाजेपर्यंत सूचना देऊन ग्रामस्थांनी गाव रिकामे करावे.’

ड चूक होता, कारण सूचना देणारे ग्रामस्थ नव्हते. क सरकारी वळणाचा आणि बोजड. ब बरोबर, पण लांबलेला. अ सुटसुटीत. सहा वाजेपर्यंत गाव रिकामं व्हायला हवं, तसं लोकांना सांगा. यात न कळण्यासारखं काय आहे, असं रेवतीला वाटलं आणि तिने शेऱ्याचा रकाना उघडला. मग तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. या वेळी ‘सहा वाजेपर्यंत’ हे शब्द तिने मुद्दाम शेवटच्या ‘द्यावी’ला जोडून पाहिले. सहा वाजेपर्यंत सूचना द्यावी. कसली सूचना? गाव रिकामं करण्याची.

तेही चाललं. अगदी सहज चाललं. तिने शेऱ्याचा रकाना बंद केला.

संदेशकाचं काम तसं थोडक्यात सांगण्याजोगं होतं. डोंगर, धरणं, पूल यांच्यावर बसवलेली यंत्रं दिवसरात्र मोजमापं पाठवत असत. धोका दिसला की संदेश कक्षातली प्रणाली काही क्षणांत चार वाक्यं तयार करी आणि पाळीवर बसलेल्या माणसाने त्यांतलं एक निवडून पुढे धाडायचं. शेवटची निवड माणसाने करावी असा कायदाच होता. म्हणून या भरतीच्या परीक्षेत सर्वांत जास्त वजन एकाच गोष्टीला होतं. चार वाक्यांतलं सर्वांत स्पष्ट कोणतं ते ओळखा, असे साठ प्रश्न.

आणि सर्वांत स्पष्ट म्हणजे कोणतं, हे वाचनमापक ठरवत असे. केंद्राच्या तळमजल्यावर तीस खोपटी होती. प्रत्येकात एक वाचक बसायचा, कपाळाला पातळ पट्टी, समोर पडदा. पडद्याखालचा कॅमेरा त्याची बुबुळं टिपायचा. वाक्य समजायला जड गेलं की बुबुळ किंचित मोठं होतं, नजर मागच्या शब्दाकडे परतते, आणि कपाळाखालच्या मेंदूत एक लहानशी उसळी उमटते. हे सगळं मिळून त्या वाक्याचा भार ठरायचा. तीनशे वाचकांचा सरासरी भार काढायचा. ज्या वाक्याचा भार सर्वांत कमी, त्याचा स्पष्टतांक सर्वांत जास्त. पर्याय अ चा स्पष्टतांक होता चौऱ्याण्णव. ब चा एक्याऐंशी.

या यंत्रावर रेवतीचा जीव होता. बारा वर्षांपूर्वी, ती शाळेतली नोकरी सोडून प्रश्न काढायच्या कामाला नुकती लागली होती तेव्हा, तिने ठरवलेलं एक उत्तर कोर्टात टिकलं नव्हतं. न्यायाधीशांनी ‘शिक्षिकेची वैयक्तिक आवड’ असे शब्द वापरले होते आणि ते वर्तमानपत्रात छापून आले होते. नंतर कितीतरी दिवस भाजी घ्यायला जातानाही तिला लोक आपल्याकडे बघताहेत असं वाटायचं. वाचनमापक आला आणि आवडीनिवडीचा प्रश्नच संपला. गेल्या सहा वर्षांत केंद्राची एकही उत्तरसूची मागे घ्यावी लागली नव्हती.

ती कागद घेऊन खाली गेली. यंत्राचा अभियंता जुनेद मुल्ला डबा खात होता.

“जुनेद, हे वाच. सहा वाजता काय झालेलं असेल ते सांग.”

त्याने घास चावत वाचलं. “सूचना देऊन झालेली असेल.”

“आणि गाव?”

“गाव होईल ना नंतर रिकामं. आधी कळायला तर पाहिजे लोकांना.” मग तिचा चेहरा पाहून तो थांबला. “का? तुम्ही काय वाचलंत?”

“सहापर्यंत गाव रिकामं झालेलं असलं पाहिजे.”

जुनेदने डबा बाजूला सरकवला. वाक्य पुन्हा वाचलं.

दुपारी त्यांनी चाळीस जणांना आळीपाळीने खोपट्यांत बसवलं. कारकून, शिपाई, दोन गाडीवान, उपाहारगृहातल्या शेवंताबाई, शेजारच्या कॉलेजची मुलं. सगळ्यांनी वाक्य अ वाचलं. कोणाचं बुबुळ मोठं झालं नाही, कोणाची नजर मागे फिरली नाही. आलेख ओढ्यातल्या शांत पाण्यासारखे सपाट. मग जुनेदने प्रत्येकाला यंत्राने आजवर कधीच न विचारलेला एक प्रश्न विचारला. सहा वाजता काय झालेलं असेल?

तेवीस जण म्हणाले, गाव रिकामं. सतरा जण म्हणाले, सूचना देऊन झालेली. शेवंताबाईंना दुसरा अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “असं कोण वाचेल?” त्यांच्या मागच्या खोपट्यातल्या पोरीने नेमकं तसंच वाचलं होतं.

“मॅडम,” सगळे गेल्यावर जुनेद म्हणाला, “वाचताना मेंदू प्रत्येक शब्द कुठल्यातरी खुंटीला अडकवत पुढे जातो. ‘सहा वाजेपर्यंत’ला इथे दोन खुंट्या आहेत. रिकामं करणं ही एक, देणं ही दुसरी. व्याकरण कुठलीच नाकारत नाही. मग हाताला लागेल त्या खुंटीला अडकवायचं आणि पुढे जायचं. दुसरी होती हे कळतच नाही, म्हणून अडखळायचं कारणच नाही. ब मध्ये एकच खुंटी आहे. ‘अशी’, ‘की’, ‘त्यांनी’ हे शब्द तुम्हाला धरून तिथे नेतात. त्याला जरा वेळ लागतो. तो वेळ आपण दोष म्हणून मोजत आलो.”

“म्हणजे दोन अर्थांचं वाक्य एका अर्थाच्या वाक्यापेक्षा सोपं जातं?”

“दरवेळी नाही. पण जातं. आपण वाचणाऱ्याची दमछाक मोजली. दोन माणसांना एकच कळलं का, ते मोजलंच नाही.”

रेवती खुर्चीत बसली. सहा वर्षं. दरवर्षी साठ प्रश्न. ज्यांना दुसरी खुंटी दिसत होती, ते त्या प्रश्नांत गुण गमावत होते. ज्यांना दिसत नव्हती ते निवडून येत होते आणि संदेश कक्षांत जाऊन बसत होते.

“हे वाक्य आपल्याकडे आलं कुठून?” जुनेदने विचारलं.

त्याचं उत्तर कुठे मिळेल ते तिला माहीत होतं आणि ते बघायचं ती सकाळपासून टाळत होती. प्रश्नसंचातली वाक्यं खऱ्या संदेशांतून घेत. ज्यांचा स्पष्टतांक नव्वदच्या वर, असे पाठवलेले संदेश नमुना म्हणून निवडायचे, असा तिनेच घातलेला नियम होता. तिने नोंद उघडली.

‘मूळ: विभागीय संदेश कक्ष. गतवर्षी ११ ऑगस्ट, दुपारी ३.४०. स्थळ: मोरदरे. संदेशक क्रमांक १०७२.’

एक हजार बहात्तर हा आकडा तिला पाठ होता. शर्वीला ओळखपत्र मिळालं तेव्हा त्याचा फोटो तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. तिच्या एकुलत्या एका लेकीला त्या साठ प्रश्नांत साठ गुण पडले होते.

दुसऱ्या दिवशी समिधा ढेबे स्वतःच आली. हरकत घेणाऱ्याला समक्ष बाजू मांडता येत असे. कोणी येत नसे, एवढंच. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, उन्हाने रापलेली, बोलायला सावकाश अशी मुलगी होती. धरणाच्या पाण्यावर ती लाँच चालवत असे.

“तुम्ही प्रश्न पाहिला तेव्हाच वाक्य ओळखलंत?” रेवतीने विचारलं.

“हो. आमच्या चावडीवर लावलं होतं ते नंतर. चौकशीवाल्यांनी.”

“मग उत्तर अ आहे, असं वाटलं नाही?”

“वाटलं ना. क्लासमधी पण हेच शिकवत्यात, कमी शब्द ते बरोबर. मी अ च करणार होते.” ती खाली बघत म्हणाली, “पण हात उठला नाही मॅडम.”

मग तिने त्या दिवशीचं सांगितलं. ग्रामसेवक संदीप साबळे यांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणत. पावणेचारला त्यांच्या फोनवर संदेश आला. भाऊसाहेबांनी आधी खालच्या गावची शाळा उघडून घेतली, साडेसहाला दोन गाड्या येतील अशी व्यवस्था केली, पिठलं-भाताचं बघितलं. मग यादी घेऊन ते घरोघर सांगत फिरले. लोक बोचकी बांधत होते. सहा वाजून वीस मिनिटांनी वरचा डोंगर खाली आला. पळता पळता बासष्ट माणसं वाचली. समिधाचे चुलते बबन ढेबे म्हशी सोडायला मागे गेले होते. ते सापडले तिसऱ्या दिवशी.

“भाऊसाहेबांना कामावरून काढलंय. सस्पेंड. चौकशीत म्हणले, संदेशाला चौऱ्याण्णव मार्क होते, म्हणजे संदेश स्पष्ट होता. म्हणजे चूक वाचणाऱ्याची.” समिधाने वर पाहिलं. “गावात त्यांना कोणी पाणी विचारत नाही. आमची चुलती तर त्यांच्या दारात जाऊन काय काय बोलली. मला मार्क नको मॅडम. मला फक्त लिहून द्या, त्या वाक्यातून नक्की काय कळतं ते.”

रेवतीला लिहून देता आलं नाही. पाहते, एवढंच ती म्हणाली.

बुधवारी ती कराडला गेली. शर्वीची सकाळची पाळी दोन वाजता सुटली. संदेश कक्षासमोरच्या चहाच्या टपरीवर दोघी बसल्या. शर्वीने कागद पाहिला आणि तिचा चेहरा आक्रसला.

“हे माझं वाक्य आहे. तुझ्याकडे कसं?”

“परीक्षेत आलंय. शर्वी, सहा वाजेपर्यंत काय, ते सांग मला.”

“गाव रिकामं. अजून काय?”

रेवतीने तिला चाळीस जणांबद्दल सांगितलं. सतरा हा आकडा सांगितला. शर्वी ऐकत होती. हातातला चहा गार होत गेला.

“तो माणूस दोन तास काय करत होता, आई? डोंगर हलतोय असं कळल्यावर कोणी जेवणाची सोय बघत बसतं का?”

“डोंगर हलतोय, असं त्याला कुठे कळवलं होतं? त्याला हे एवढं एकच वाक्य आलं. सहापर्यंत सांगून व्हायला पाहिजे असं त्याने वाचलं. म्हणून सांगायच्या आधी न्यायचं कुठे, ते ठरवलं.”

“माझ्यासमोर चार वाक्यं होती. एकावर चौऱ्याण्णव लिहिलेलं. मी दुसरं का निवडलं असतं? वीस सेकंद असतात आमच्याकडे.” तिचा आवाज चढला नव्हता, पण बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट रुतली होती. “शाळेत मी लांब वाक्य लिहिलं की तू लाल रेघ मारायचीस. विसरलीस? थोडक्यात लिही, थोडक्यात लिही. मी तुझंच ऐकत आले.”

“मला माहीत आहे.”

“मग आता कशाला आलीस? मला नापास करायला?”

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर घरघरत गेला.

“उद्या सकाळी सहाला माझी पाळी आहे,” शर्वी अगदी हळू म्हणाली. “परत चार वाक्यं येतील. आता मी कुठलं निवडू? ज्यावर जास्त आकडा आहे ते, की कमी आहे ते? मी रोज पाच-सहा पाठवते, आई. दीड वर्ष पाठवतेय. त्यांतली किती अशी असतील?”

ती उठली आणि चहाचा कप तसाच ठेवून निघून गेली. रेवतीने तिला हाक मारली नाही.

गुरुवारी संचालक पाटणकरांनी तिला बोलावून घेतलं. जुनेदने त्यांना आकडे दाखवले होते. पाटणकर शांत, विचारी गृहस्थ होते. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“प्रश्न सदतीस रद्द करू,” ते म्हणाले. “सगळ्यांना एक गुण देऊन टाकू. कारणाच्या रकान्यात ‘तांत्रिक’. निकाल उद्या ठरल्याप्रमाणे लागेल. त्या ढेबे मुलीलाही गुण मिळेल, तिचीही तक्रार राहणार नाही.”

“आणि बाकीचे प्रश्न? सहा वर्षांचे?”

“ते जुनेद हळूहळू सुधारेल. यंत्रात एक प्रश्न वाढवायचाय ना, वाढवू. पुढच्या वर्षीपासून.”

“सर, तो ग्रामसेवक निलंबित आहे. आपल्या आकड्यावरून.”

“चौकशी समितीने आपल्याला विचारलेलं नाही, कणसेबाई. विचारलं तर सांगू.” त्यांनी एक फॉर्म तिच्यापुढे सरकवला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “तुमची मुलगी त्या कक्षात आहे, हे मला ठाऊक आहे. मी तुमच्याही बाजूनेच विचार करतोय. आपण हे प्रकरण उकरलं तर पहिलं नाव तिचं येईल, दुसरं तुमचं. सहीची घाई नाही. उद्या दहापर्यंत द्या.”

ते खरोखरच तिच्या भल्याचं बोलत होते, आणि म्हणूनच रेवतीला जास्त भीती वाटली. फॉर्म पर्समध्ये घालून ती घरी आली. वाटेत तिने स्वतःला चार-पाच वेळा समजावलं. सही केली तर कोणाचं नुकसान होत नव्हतं. समिधाला गुण मिळत होता. शर्वीची नोकरी राहत होती. साबळे आज जिथे होते, तिथेच राहणार होते. त्यांना काही नव्याने सोसावं लागणार नव्हतं. हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

शुक्रवारी सकाळी ती लिहायला बसली. पहिल्यांदा तिने लिहिलं, ‘प्रश्न क्रमांक ३७ च्या उत्तरात संदिग्धता आढळून आली आहे.’ सवयीने तिने ते वाक्य मापन-प्रणालीत टाकलं. स्पष्टतांक शहाण्णव. तिने ते पुन्हा वाचलं. कोणाला आढळली? कोणी केली? तिचं काय झालं? वाक्य डोळ्यांखालून गुळगुळीत निघून जात होतं आणि मागे काहीही उरत नव्हतं. तिने ते खोडलं.

मग तिने लिहिलं, तेव्हा वाक्यं लांबली, पण तिने लांबू दिली. ‘प्रश्न क्रमांक ३७ चे उत्तर अ आहे, असे मी, रेवती कणसे हिने, मान्य केले होते. ते चूक आहे. या वाक्याचे दोन अर्थ होतात. आमचे यंत्र वाक्य वाचायला किती सोपे आहे ते मोजते. ते सर्वांना सारखेच कळले का, ते मोजत नाही. मोरदरे येथील ग्रामसेवक श्री. साबळे यांना हेच वाक्य पाठवले गेले होते. सहा वाजेपर्यंत सूचना द्यायची आहे, असा अर्थ त्यांनी घेतला असल्यास तो वाक्यात आहे. आमच्या आकड्याच्या आधारे त्यांना दोषी धरू नये. हा संदेश निवडणारी संदेशक माझी मुलगी आहे, हेही मी येथे नोंदवते.’

साडेनऊला तिने शर्वीला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. पलीकडे संदेश कक्षातली यंत्रांची बारीक किणकिण तेवढी ऐकू येत होती.

“शर्वी, हे मी पाठवू का?”

“मला विचारू नकोस,” शर्वी म्हणाली. “विचारलंस तर मी नको म्हणेन.”

आणि तिने फोन ठेवला.

रेवतीने पत्र संचालकांना पाठवलं आणि एक प्रत चौकशी समितीला. समितीचा पत्ता तिला दोनदा टाइप करावा लागला.

निकाल थांबला. महिन्याभरात परीक्षाच रद्द झाली. जुनेदने यंत्रात तो एक प्रश्न वाढवला आणि जुने नमुने पुन्हा तपासले. साठांतली एकोणीस उत्तरं बदलली. क्लासवाल्यांनी केंद्रावर मोर्चा आणला, आणि पंधरवड्यात नव्या पद्धतीच्या वर्गांच्या जाहिरातीही लावल्या. रेवतीला उत्तरसूचीच्या कामातून काढून ग्रंथालयात बसवलं. तिचं नाव पुन्हा एकदा छापून आलं. समिधा लाँचवर परत गेली. फेरपरीक्षेला बसेन असं तिने कळवलं होतं. शर्वीला चौकशी होईपर्यंत पाळीवर यायला मनाई झाली. ती कराडच्या खोलीवरच राहिली, रविवारीही घरी आली नाही. आईच्या फोनला ‘बरं’ आणि ‘हो’ यापलीकडे ती काही बोलत नसे. अडीच महिने हे असंच चाललं. घरी दर रविवारी दोन माणसांचा भात टाकायचा हात रेवतीने आवरला तो याच दिवसांत.

समितीची फेरसुनावणी डिसेंबरात ठेवली होती. रेवती जाऊन मागच्या बाकावर बसली. पुढे डाव्या बाजूला शर्वी होती, तिच्याबरोबर संदेश कक्षाचे वकील. उजवीकडे साबळे. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

समितीच्या अध्यक्षबाईंनी त्यांना विचारलं, “संदेश मिळाल्यावर तुम्हाला त्यात काही शंका वाटली?”

“नाही बाई. सरळ होता.”

“काय समजलात?”

“सहापर्यंत सगळ्यांना सांगून व्हायला पाहिजे. मी एकतीस घरांची यादी केली. शेवटच्या घरातनं बाहेर पडलो तवा पावणेसहा झाले होते.” साबळे थोडे थांबले. “घड्याळात बघितलं. म्हटलं, बरं झालं, पंधरा मिनिटं आधीच उरकलं. मग पायरीवर बसून पाणी प्यालो.”

अध्यक्षबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

शर्वी उभी राहिली. वकिलांनी तिची बाही ओढली, पण ती बसली नाही.

“तो संदेश मी निवडला होता,” ती म्हणाली. “मला त्यात एकच अर्थ दिसला आणि यांना दुसरा. यांनी माझं वाक्य चुकीचं वाचलेलं नाही. त्यात जे होतं, त्यातलंच वाचलं.”

“याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?”

“आहेत.”

साबळे मान वळवून तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. ते जणू तिचं वय मोजत होते. मग ते समितीला नाही, तिलाच म्हणाले, “ताई, तो संदेश तुम्ही पाठवला होता?”

“हो.”

“मला वाटत होतं, मशीन पाठवतंय. खाली नाव नव्हतं, काही नव्हतं.” त्यांनी खिशातला फोन चाचपला. “पलीकडं माणूस आहे हे माहीत असतं, तर मी फोन केला असता हो. नुसतं विचारलं असतं, सहाला नक्की काय म्हणून.”

वकिलांच्या बाजूची आपली खुर्ची सोडून शर्वी खोली ओलांडून गेली आणि साबळ्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. मागच्या बाकावर रेवतीने तोंडाला पदर लावला.